चौथ्या भागाचं अकरावं मिनिट

तसं नाही हो सिस्टर, खोली चांगलीच आहे, तुम्ही म्हणता ते खरंय, उजेड भरपूर, आणि तुमचं हॉस्पिटल इथून चालत सात मिनिटं — जपून! — लागलं का? सगळेच अडखळतात त्या खुर्चीला. पॅसेजमध्ये, तेही दाराच्या तोंडाशी, खुर्ची कोण ठेवतं, असंच मनात आलं ना तुमच्या? मीही तेच म्हणायचे. वर्षानुवर्षं म्हणत होते. हलवणार आहे मी ती, आज-उद्या. या, आत या. पलंग, कपाट, टेबल, सगळं वापरा. कपाटाचं खालचं दार जरा रुसतं, गुडघ्यानं ढकललं की ऐकतं. पाणी दोन्ही वेळेला. कुणी भेटायला आलं तरी माझी ना नाही, तुम्ही काही कॉलेजातल्या पोरी नाही. नियम एकच — त्या टीव्हीला हात लावायचा नाही.

बिघडलाय? छे! ठणठणीत आहे. दुपारी मी रोज लावते. आत्ताही लावलेलाच आहे, बघा ना — पडद्यावर चित्र दिसतंय ना, लाकडी दार आणि दारासमोर तो माणूस, पाठीवर पेटी, हात असा वर उचललेला, टकटक करायच्या बेतात? तेच. तेवढंच. खाली ती बारीक लाल रेघ दिसते? अकरा मिनिटं आठ सेकंद. भाग चोवीस मिनिटांचा, त्यातली अकरा मिनिटं आठ सेकंद झालीत. ती रेघ तिथून हलता कामा नये. बाकी तुम्ही खोलीत नाचा, गा, भिंतींना खिळे ठोका, मी ब्र काढणार नाही. तुमच्या आधी चार जणं येऊन गेली. एक बँकेतला, दोघी बहिणी-बहिणी आणि एक ते विमा विकणारे गृहस्थ. चौघांनी हा नियम ऐकला आणि 'कळवतो' म्हणून गेली ती गेलीच. 'कळवतो' म्हणजे काय ते मला कळतं, मी काही काल जन्मलेली नाही. तुम्ही निदान बसलात तरी. बसा, बसा. रात्रपाळी करून आलात ना? डोळे सांगतायत.

मी ना — मी निकाल लावते. लावायचे. साप्ताहिकात सदर होतं माझं, 'तीन भागांत निकाल'. वाचलंय कधी? नाही? बरंच झालं. हल्ली मालिका किती येतात बघा, इकडच्या, तिकडच्या, आणि ही जपानी चित्रांची — अ‍ॅनिमे म्हणतात ना — त्यांचं तर पेवच फुटलंय. माणसानं बघायचं तरी काय काय? तर मी पहिले तीन भाग बघणार आणि सांगणार, पुढे बघायची की सोडायची. शितावरून भाताची परीक्षा. सगळा भात कशाला चिवडायचा? लोकांना आवडायचं हो. लोक पत्रं पाठवायचे — बाई, तुम्ही आमचे तास वाचवलेत. नऊ वर्षं वाचवले मी लोकांचे तास. माझं नाव ऐकलं की मालिका काढणाऱ्या कंपन्यांचे लोक धास्तावायचे, असं आमचे संपादक सांगायचे. खरं-खोटं देव जाणे, पण ऐकायला गोड वाटायचं, नाही कशाला म्हणू?

खोली ना, भावाची. धाकटा. आम्ही दोघंच. माझं लग्न झालं, मोडलं, मी परत आले. त्याचं झालंच नाही — म्हणजे तो 'बघू' म्हणत राहिला आणि ते राहिलंच. तसाच होता तो. गोगलगाय म्हणायचे मी त्याला. लहानपणी शाळेत जाताना मी पुढे, हा मागे, आणि मागे म्हणजे किती मागे, तर मी फाटकात पोचले तरी हा कोपऱ्यावर उभा राहून कुणाच्या तरी कुंपणावरचा कोळी बघतोय! मोठा झाला तरी तेच. चष्म्याच्या दुकानात कामाला होता, मागच्या खोलीत, भिंगं घासायला. एकतीस वर्षं. एक भिंग घेऊन बसला की बसला. मालक वैतागायचा, पण त्याची काच कधी परत आली नाही — गिऱ्हाईक कधी म्हणालं नाही की मला धूसर दिसतंय. मी म्हणायचे, अरे तुला तिथे ठेवलाय म्हणून आख्ख्या गावाला उशिरा दिसतं. हसायचा. गोगलगाय अन् पोटात पाय, मनात काय चाललंय त्याचा थांगपत्ता नाही. नोकरी सुटल्यावर त्याचे दोनच उद्योग. या खोलीत बसून ही अशी संथ-संथ मालिका बघायची, नाहीतर ती खुर्ची माझ्या कामाच्या खोलीच्या दाराशी ओढून तिथे डुलक्या काढायच्या. माझा कीबोर्ड जुना, खडखड्या. मी म्हणायचे, अरे या आवाजात तुला झोप येते तरी कशी? तर म्हणायचा, 'हा आवाज चालू असला की मला बरं वाटतं. नवा घेऊ नकोस हं, ताई.' म्हातारपणी माणूस लहान होतं, असं म्हणून मी सोडून दिलं. म्हातारा कुठला, सत्तावन्नचा होता.

ही मालिका — नाव नका विचारू, घेणार नाही मी. त्यात एक माणूस पाठीवर पेटी बांधून पायी घरी निघालाय. झालं. एवढीच गोष्ट. बऱ्याच वर्षांनी बहिणीकडे निघालाय. पहिल्या भागात होडीची वाट बघतो. होडी येत नाही. म्हणजे येते, पण भाग संपताना. दुसऱ्या भागात मोजे धुतो आणि ते वाळेपर्यंत दगडावर बसतो. आख्खा भाग! मोजे वाळायला! मी कपाळाला हात लावला. तिसऱ्यात एक नासपती सोलतो, सालीची एकच लांब पट्टी निघते, आणि ती तुटते तेव्हा — काही नाही, तुटते. बस. मी त्याला म्हटलं, अरे, यापेक्षा आपल्या जिन्यात जास्त घडतं. तो म्हणाला, चौथा बघ. मी म्हटलं, माझं सदर तीन भागांचं आहे, तुझ्यासाठी नियम बदलू का? मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. तर म्हणतो कसा, 'पाय दिसतात ग, ताई, पण ते चालत कुणाकडे जाणार ते पाळण्यात कुठे दिसतं?' बघा! एरवी तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि निघाला की असा. मी हसण्यावारी नेलं. हसण्यावारी नेणं माझ्या अंगातच आहे.

नाही, तीन भाग मी नीट बघितले. डोळ्यांत तेल घालून. वाचकांशी लबाडी मी कधी केली नाही — आता, नीट म्हणजे, धंद्यात जसं बघतात तसं. दीडपट वेगानं. सगळेच बघतात हो! आठवड्याला पाच-सहा मालिका, जीव काय लोखंडाचा आहे? आणि आवाज बंद करून. का म्हणजे, भाषा थोडीच कळते आपल्याला, खाली अक्षरं येतात ती वाचायची. अक्षरं आली की डोळे वर, अक्षरं नसली की इकडे माझी भाजी निवडून होते. त्यात या मालिकेला अक्षरंच नाहीत! पाच-पाच मिनिटं खाली काही उमटत नाही. म्हणजे काही होत नाहीये, असंच कुणीही समजेल. तुम्ही काय समजला असता? तिसरा भाग तर — आता तुमच्यापासून काय लपवायचं — तिसरा मी निम्माच बघितला. नासपतीपर्यंत. पुढे कळलंच की मला.

तो एकदा विचारायला आला होता, 'ताई, तो आवाज ऐकलास?' मी म्हटलं, कुठला आवाज? 'मागे चालू असतो बघ, तिन्ही भागांत, अगदी हळू. आधी वाटतं होडीचं इंजिन, मग वाटतं दगडावर पाणी पडतंय. ते नसतं ते.' मी म्हटलं, मग काय असतं? तर म्हणाला, 'तू वाचतेस, ताई. ऐकत नाहीस.' राग आला मला. सदर कोणाचं, नऊ वर्षांचा अनुभव कोणाचा, आणि हा भिंगं घासणारा मला शिकवणार! बोलले मी. काय बोलले ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही. आणि मग तो — जेवताना, ताटातून मान वर न करता — म्हणाला, 'चौथ्यात एक जागा आहे. मी एकदा बघितलाय तो. आता तुझ्यासाठी परत लावीन, आणि ती जागा आली की बरोब्बर तिच्याआधी थांबवीन आणि तुला हाक मारीन. तेव्हा मात्र उठून यायचं हं. पाच मिनिटांचं काम आहे. कान घेऊन ये.' मी म्हटलं, येईन बाबा, येईन. तेवढं कबूल केलं मी. हे लक्षात ठेवा, मी येईन म्हटलं होतं.

चहा टाकू का? नको? मला हवाय खरं तर, पण उठवत नाहीये.

तो मंगळवार होता. सदर मंगळवारी चारपर्यंत द्यायचं असतं. मी आत, दार लावलेलं, लिहीत होते — याच मालिकेवर. झरझर येत होतं हो, चीड असली की लिखाण छान येतं. मधेच दारावर टकटक झाली. दोनदा. टक, टक. जोरात नाही. मी म्हटलं, 'पाच मिनिटं!' पलीकडून काही नाही. मग ती खुर्ची ओढल्याचा आवाज आला, चर्रर, रोजच्यासारखा, आणि तो बसला. मला बसल्याचा आवाजही कळायचा त्याच्या. मी लिहीत राहिले. पाच मिनिटांची दहा झाली, दहाची वीस. शेवटचं वाक्य सुचेना. सुचलं तेव्हा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! 'तीन भाग झाले, काही घडत नाही. चौथ्यापर्यंत थांबायला आयुष्य काय उतू चाललंय?' मीच मोठ्यानं वाचून बघितलं. पाठवून दिलं. पन्नास मिनिटं झाली होती. मग दार उघडलं.

तुम्ही असं बघू नका. तुम्हाला ही असली माणसं रोज दिसत असतील. डोकं भिंतीला टेकलेलं, हात मांडीवर, चष्मा जागच्या जागी. मला वाटलं, डुलकी लागलीय. मी त्याला ओलांडून पुढे गेले, सिस्टर! ओलांडून! बडबडत गेले की ही खुर्ची कुणाच्या पायात येईल एक दिवस, आणि स्वयंपाकघरात जाऊन दोघांचा चहा टाकला. चहा उकळल्यावर हाक मारली. दोनदा मारली. तिसऱ्यांदा मारली नाही, कारण तोवर मला कळलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, कळलंही नसेल त्यांना. असं सगळ्यांनाच सांगतात ना तुमच्याकडे? खरं सांगा. नाही, नका सांगू. आधी माझं ऐका, मग मी विचारते. लोक पांगले आणि मी या खोलीत आले तेव्हा टीव्ही असाच होता. हाच हात, असाच वर. चौथा भाग, अकरा मिनिटं आठ सेकंद. आठ महिने झाले. आठ महिने मी रोज दुपारी येऊन हे चित्र लावते आणि समोर बसते. आणि एकच गोष्ट घोकते — हा उठला कशाला? सांगितलं होतं तसं, ती जागा आली म्हणून मला हाक मारायला उठला? की छातीत दुखायला लागलं, म्हणून हातातलं जसं होतं तसं थांबवून माझ्या दाराशी आला? टकटक कसली होती ती? 'ताई, चल, बघायला ये' ची होती, की 'ताई, मला कसंतरी होतंय' ची होती, आणि मी म्हटलं पाच मिनिटं?

तुम्ही नर्स आहात, तुम्हाला विचारते. दुखत असलं तर माणूस दोनदाच टकटक करील का हो? ओरडणार नाही? दार ढकलणार नाही? दाराला कडी नव्हती. काय? कुणी ओरडतं, कुणी — कुणी नुसतं बसून राहतं? हं. आमचा नुसतं बसून राहणाऱ्यांतलाच. कोपऱ्यावर उभा राहून कोळी बघणारा. तो काय ओरडतोय!

मी वेडी नाही हां. मला कळतं उत्तर कुठे आहे. ते तिथे आहे, त्या लाल रेघेच्या पुढे. पुढच्या मिनिटाला ती जागा आली, तर तो मला दाखवायला आला होता. बरोब्बर आधी थांबवीन म्हणाला होता, आणि तो बरोब्बर म्हणाला की बरोब्बरच, केसाइतकी काच कमी-जास्त घासली नाही त्यानं जन्मात. आणि पुढे काहीच आलं नाही, नुसतं ते चालणं आणि मोजे आणि नासपती — तर मग दुखत होतं. सरळ आहे. एक बटण दाबलं की कळेल. पण सिस्टर, नाही आलं तर? आता निदान निम्मं-निम्मं आहे. निम्म्यावर माणूस जगू शकतं. जगतेच आहे की मी. खाते, झोपते, खोली भाड्यानं देते.

सदर छापून आलं. मी थांबवू शकले असते, फोन करायला हवा होता, पण त्या दोन दिवसांत मला माझं नाव आठवत नव्हतं. रविवारी आलं. 'आयुष्य काय उतू चाललंय.' छापलेलं, माझ्या फोटोखाली. त्यावर पत्रं आली, इतकी कधीच आली नव्हती, आणि प्रत्येकात तेच — बाई, चौथा बघा. बाई, चौथ्यापर्यंत थांबायला हवं होतं. एकीनं तर चार पानं लिहिलीत. पहिल्या ओळीनंतर मी मिटून ठेवली, पुढे काय होतं ते ती सांगून टाकेल म्हणून. त्या ड्रॉवरमध्ये आहेत सगळी, तो ड्रॉवर तेवढा तुम्हाला देणार नाही. त्यानंतर मी सदर लिहिलं नाही. संपादक म्हणाले, विश्रांती घ्या. मी म्हटलं, घेते. कीबोर्डला हात लावला की वाटतं पलीकडे खुर्चीत कुणीतरी ऐकतंय. परवा लाइटचं बिल भरायला चार अक्षरं बडवली, तर दाराबाहेर खुर्ची करकरली. करकरली म्हणजे करकरली! मी उठून बघितलं. कुणी नाही. लाकूड उन्हानं तडकतं, ठाऊक आहे मला. म्हणूनच भाडेकरू हवा म्हटलं, घरात दुसऱ्या माणसाची चाहूल असली की या चाहुली तरी —

काय करताय? ठेवा ते. ठेवा तो रिमोट खाली. सिस्टर! नियम सांगितला ना मी तुम्हाला, दहा मिनिटं नाही झाली! तुमचं काय जातंय? तुम्ही 'कळवते' म्हणा आणि जा, त्या चौघांसारखं. मी कुणाला... काय? पुन्हा म्हणा.

असं कुणी तोंडावर बोलतं का? 'तुम्ही पाचव्या माणसाला सांगताय, म्हणजे तुम्हाला कुणीतरी बटण दाबायला हवंय.' भाडेकरू नको, बटण दाबणारा हवाय! वा. वा! रोग्यांशी असंच बोलता का तुम्ही? — हो. हो, हवंय. आठ महिने हवंय. माझा अंगठा जातो तिथपर्यंत आणि लाकडासारखा होतो. माझी नाडी कशाला धरताय? मी काही मरत नाही, मी चिवट आहे. बरं, धरा. धरूनच बसा. आणि आवाज — आवाज लावा आधी. पूर्ण नको, असा, माणूस बोलतो तेवढा. वेग बघा, साधा आहे ना? दीडपट नाही ना? त्याच्या खात्यावर साधाच असेल म्हणा. दाबा. थांबा! — नाही, दाबा.

हात अजून वरच आहे. चालू झालंय ना? रेघ सरकली? सरकली. गेली ती. मग हा हलत का नाही? हे असं लांबवतात बघा, मी लिहिलंच होतं — पान हललं, तिकडे, कुंडीतलं. म्हणजे चालू आहे. टकटक कर ना रे बाबा. कर. सिस्टर, खाली अक्षरं आली का? नाही ना? काही नाही. काहीच नाहीये. खाली घेतला. हात खाली घेतला त्यानं! टकटक केलीच नाही. एवढ्या लांबून चालत आला, होडी, मोजे, सगळं करून, आणि दारातून — आता जाणार हा परत. काही घडणार नाही. मला ठाऊक होतं. बंद करा. मला नकोय. दुखतच होतं त्याला, बंद करा ते —

थांबा.

हा आवाज कसला? हा. खट् खट् खट्, खट् खट्. घरात कुठे काही चालू आहे का? नाही — त्यातलाच आहे. दाराच्या आतून येतोय. शिवणयंत्र? शिवणयंत्रच! बहीण आत शिवतेय. तिला पत्ता नाही. हाच तो, तिन्ही भागांत मागे चालू असतो म्हणाला होता तो. इंजिन नाही, पाणी नाही, हा तिचाच आवाज घेऊन चाललाय तो सगळी वाट, डोक्यात — आणि मी आवाज बंद करून भाजी निवडत होते.

पेटी उतरवतोय. हळू, आवाज होऊ नये म्हणून. बसला.

सिस्टर, हा बसला. दाराशीच बसला, पायरीवर, पाठ दाराला लावून. डोकं बघा कसं टेकलंय. डोळे मिटले. यंत्र थांबलं, 'कोण आहे?' — बघा, आली अक्षरं, एकच ओळ — आणि हा बोलत नाही! बोल ना रे! ... सुरू झालं परत. खट् खट् खट्. आणि हसतोय. गोगलगाय. एवढंच ऐकायला आला होता.

हीच जागा. हीच आहे, दुसरी असूच शकत नाही. बरोब्बर हिच्याआधी थांबवलं त्यानं. दाखवायला आला होता मला. ऐकताय ना? दुखत नव्हतं. तेव्हा तरी दुखत नव्हतं. टकटक केली, मी म्हटलं पाच मिनिटं, आणि हा तिथे बसला आणि माझा कीबोर्ड ऐकत — पन्नास मिनिटं मी त्याच्यावरच खडखडत होते, काही घडत नाही, काही घडत नाही, आणि तो बाहेर बसून — त्याला बरं वाटत होतं. म्हणायचाच तो. हा आवाज चालू असला की बरं वाटतं, म्हणायचा. मी उठले असते तर दोघांनी मिळून बघितलं असतं हो. पाच मिनिटांचं काम होतं. कबूल केलं होतं मी.

सोडा हात. रडतेय मी, नाडी काय बघता त्यात? रडू द्या. आणि आता तुम्ही जा. नाही, रागानं नाही. खोली तुमचीच, उद्या सामान आणा, टीव्ही वापरा, काय हवं ते बघा. पण आज जा. अजून दहाएक मिनिटं आहेत, आणि पुढचे भाग आहेत, किती आहेत मला माहीतही नाही, मी तिसऱ्याच्या पुढे कधी विचारलंच नाही. दार नुसतं लोटून घ्या. आणि — नको! ती खुर्ची हलवू नका. राहू दे तिथेच. वळसा घालून जा.

काय म्हणालात? नंतर सांगा. श्श. शिवतेय ती अजून.